धुक्यात अप्पर नको

डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुंबई-गोवा महामार्गाने निघालात, तर सावित्री-वाशिष्ठीच्या खोऱ्यांत बरेचदा दाट धुकं लागतं. तेव्हा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबवर जाणारा वरचा झोत, अजिबात लावू नका. धुक्यातल्या पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून तो उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत दिसते. डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच चालवा, फॉग लॅम्प असतील तर तेही लावा, आणि डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून सावकाश जा. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर मात्र नकोत, वळताय की नाही हे मागच्याला कळत नाही. दुचाकीवाल्यांनो, दवाने भिजलेली लाल माती भयंकर निसरडी असते. वळणावर ब्रेक जपून. काहीच दिसेना झालं तर रस्त्यापासून पुरतं बाजूला, एखाद्या टपरीपाशी थांबा. ऊन चढलं की धुकं विरतं.