सिक्रेट सँटात नाव निघालंय? मग भांड्यांच्या दुकानात जा

डिसेंबर आला की ऑफिसात बरणीतून चिठ्ठ्या निघतात आणि नाव न सांगता भेट द्यायला आपल्याला नेमका तोच माणूस येतो ज्याच्याशी वर्षभरात लिफ्टमधल्या "काय, आज उशीर?" पलीकडे बोलणंच झालेलं नसतं. बजेट ३०० रुपये, वर "काहीतरी फनी आणा हां" अशी सूचना. मग २३ तारखेला रात्री घाबरून आपण ऑनलाइन कॉफीचा मग शोधत बसतो. कॉफीचा मग नका घेऊ, प्लीज. प्रत्येकाच्या घरी सहा पडलेत.

खरेदीच्या आधी आठवडाभर हेरगिरी करा. त्या माणसाची एक सवय शोधायची, बस. कोणी दुसऱ्याचं पेन उचलून नेतो, कोणी एसी गुपचूप १८ वर नेऊन ठेवतो, कोणी स्वतःचा डबा उघडायच्या आधी बाकीच्यांच्या डब्यात डोकावतो. अशा सवयीवर केलेली मस्करी चालते, कारण त्या माणसालाही ती माहीत असते. वजन, टक्कल, रंग, लग्न, मूलबाळ, पगार यांच्या वाटेला जायचं नाही. मी एकदा केस गळत चाललेल्या एका सिनियरला कंगवा दिला होता, सगळे हसले, तोही हसला, आणि संध्याकाळी कंगवा टेबलवर तसाच ठेवून घरी गेला. अजून आठवलं की कसंतरीच होतं.

आता माझा हुकमी उपाय. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात स्टीलवर नाव घालून देतात ना, वास्तुशांतीच्या डब्यांवर असतं तसं टिकटिक मशीनने? तिथे जायचं आणि मनातला मजकूर घालून घ्यायचा. पुण्यात असाल तर तुळशीबागेच्या आसपास फिरा, पण हे तुमच्या गावातही मिळेल. पेनचोरासाठी आम्ही उंच पेला घेतला होता, त्यावर 'पेन परत ठेवण्याचे ठिकाण. समस्त त्रस्त मंडळींकडून सप्रेम भेट'. डब्यात डोकावणारीला छोटीशी वाटी, 'फक्त चवीपुरतं'. भाषा अगदी लग्नपत्रिकेसारखी गंभीर ठेवा, हशा त्यातच असतो. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, एकदा ठोकलेलं अक्षर पुसता येत नाही. आणि हसून झाल्यावर वाटी वाटीच असते, घरी वापरली जाते, उगाच रबरी झुरळ देऊन ते दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं.

एसीवाल्याला कानटोपी. यात विचार करण्यासारखं काही नाही.

काही ठिकाणी व्हाइट एलिफंट खेळतात, म्हणजे आपला पोसायचा पांढरा हत्तीच. सगळ्यांनी आणलेली पॅकेटं मधे ठेवायची, नंबराच्या चिठ्ठ्या काढायच्या, पहिला एक पॅकेट उघडतो, पुढचा एकतर नवं उघडतो नाहीतर आधीच्याचं सरळ पळवतो. किती वेळा पळवता येईल ते आधीच ठरवा, तीनदा ठीक, नाहीतर जेवण गार होतं. इथे कोणाला काय जाईल माहीत नसतं त्यामुळे सवयीचा जोक वाया जातो, दिसायला विचित्र पण घरी नेल्यावर उपयोगी अशी वस्तू हवी. चकलीचा सोऱ्या न्या. आधी सगळे खिदळतात, मग कोणीतरी म्हणतं "अगं आमचा मोडलाय", की पळवापळवी सुरू. नारळ सोलायचं यंत्रही असंच चालतं.

पॅकिंगला आळस करू नका. वाटी मोबाइलच्या खोक्यात, ते मिक्सरच्या खोक्यात, तळाशी वजनाला विटेचा तुकडा, मधे सगळी रद्दी. चिकटपट्टी मात्र बेताने, दहा मिनिटं कात्री शोधत बसलं की मजा जाते.

आणि हो, भांडीवाले काका शेवटी सवयीने विचारतात, "देणाऱ्याचं नाव काय घालू?" मी पहिल्या वर्षी सांगून मोकळी झाले होते.