श्रॉपशरमध्ये तंबूत मुक्काम: कोठे राहावे, काय पाहावे

वेल्सच्या सीमेला लागून असलेली श्रॉपशर ही इंग्लंडमधील काउंटी अनेक प्रवासी श्रूजबरी आणि आयर्नब्रिज पाहून एका दिवसात आटोपतात. माझा आग्रह आहे की चर्च स्ट्रेटन गावाच्या आसपास एकाच जागी तंबू ठोकून निदान चार रात्री राहावे. श्रूजबरी, चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स आणि लडलो ही चारही स्थानके एकाच रेल्वेमार्गावर असल्यामुळे सामान न हलवता सगळीकडे जाऊन संध्याकाळी परतता येते, आणि गावाच्या पाठीशीच लाँग मिंडचे ५१६ मीटर उंचीचे पठार आहे.

इंग्लंडमध्ये डोंगरावर मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणून कॅम्पसाइटवर जागा आधीच राखून ठेवावी, विशेषतः जुलैअखेर ते ऑगस्ट या शाळांच्या सुट्टीच्या काळात. स्थानकापासून चालत किती वेळ लागतो आणि शेकोटीला मुभा आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे. दरीच्या अगदी तळाशी रात्री थंड हवा साचते, त्यामुळे किंचित उंचावरची, पण वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा मागावी. उन्हाळ्यातही रात्री तापमान दहा अंशांखाली जाऊ शकते. स्लीपिंग बॅग त्या बेताने निवडावी. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, ते तेथेच विकत घ्यावेत.

सह्याद्रीत हिंडलेल्यांना हे डोंगर ठेंगणे वाटतील, परंतु पठारावर आडोसा जवळजवळ नाही आणि धुके उतरले की वाट हरवते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा २१७ क्रमांकाचा नकाशा आणि पावसाळी जाकीट जवळ असावे. वाटेवरील फाटके जशी आढळतील तशीच, उघडी असल्यास उघडी आणि बंद असल्यास बंद, ठेवावीत. नेच्यांच्या दाटीतून चालल्यावर अंगावर गोचीड चिकटली आहे का, हे रोज तपासावे, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

क्रेव्हन आर्म्स स्थानकापासून पायी गाठता येणारे स्टोकसे कॅसल मला या काउंटीतील सर्वांत मोलाचे स्थळ वाटते. नाव किल्ल्याचे असले तरी लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे तटबंदीचे घर आहे, आणि तटबंदीची राजाज्ञा त्याला १२९१ मध्ये मिळाली. त्याच्या दिवाणखान्याचे लाकडी छत निवांतपणे पाहावे. ज्या लोकरीवर हे वैभव उभे राहिले, ती देणाऱ्या मेंढ्या या टेकड्यांवर आजही चरतात.

श्रूजबरीच्या चौकातील रॉबर्ट क्लाइव्हच्या पुतळ्यापाशी मराठी माणसाने थोडे थांबावे. मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेल्या या माणसाने १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेण्याच्या मोहिमेत जमिनीवरील फौजेचे नेतृत्व केले होते. १७७९ मध्ये उभारलेला आयर्नब्रिजचा ओतीव लोखंडाचा पूल रेल्वेमार्गावर नाही; तेथे बसने जावे आणि त्यासाठी वेगळा दिवस राखावा.

निघण्याच्या सकाळी तंबू बहुधा दवाने ओला असतो. तसाच गुंडाळावा लागला, तर पुढच्या मुक्कामी पोहोचताच तो पसरून वाळवावा, नाहीतर कापडाला बुरशी धरते.