पुरातली बोट नाक वर करते, कलते, जागची हलत नाही? भार भरताना या चुका टाळा

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच दिवसांत आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठापर्यंत गावोगावच्या रबरी बोटी बाहेर निघतात. मग तक्रारी सुरू होतात. बोट नाक वर करून बसते. एका अंगाला ओढते. इंजिन नुसतं ओरडतं, बोट पुढे सरकत नाही. लगेच मेकॅनिकला फोन जातो, प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर खोलला जातो. इंजिनात खरोखर बिघाड असतोही कधी कधी, पण त्याआधी बोटीत कुठे किती वजन ठेवलंय ते बघा. निम्म्याहून जास्त दुखणी तिथंच सापडतात.

परदेशात वेकसर्फिंग नावाचा खेळ आहे. बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं. ती लाट मोठी यावी म्हणून बोटीच्या मागच्या भागात पाण्याच्या मोठाल्या पिशव्या भरून शेकडो किलो वजन मुद्दाम चढवतात आणि बोट ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास ठेवतात. मागचा भाग खोल बसतो, नाक वर जातं, पाणी खणल्यासारखं फाटतं आणि मागे भिंतीसारखी लाट उभी राहते. आपल्याकडे पुरात नकळत नेमकी हीच मांडणी होते, फक्त पिशव्यांच्या जागी माणसं असतात. गल्लीत ती लाट कुणालाच नको असते.

सगळं वजन मागच्या (इंजिन लावायच्या) फळीला चिकटवणं

हिशेब करून बघा. २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ५० किलोचं. २४ लिटरची टाकी भरली की १८ किलो पेट्रोल, वर टाकीचं स्वतःचं वजन. चालक ७५ किलो. त्याच्या शेजारी "स्टार्ट होत नसेल तर दोरी ओढायला" म्हणून बसलेला दोस्त आणखी ७५ किलो. म्हणजे एकही पूरग्रस्त बोटीत चढण्याआधी मागच्या चौथाई भागात सव्वादोनशे किलोच्या आसपास भार झाला. अशी बोट थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) दिल्यावर नाक आभाळाकडे करणारच. चालकाला समोरचं दिसत नाही, वाऱ्याने नाक भरकटतं आणि मागच्या फळीवरून पाणी आत यायला वीतभरही अंतर उरत नाही.

उपाय साधा आहे. टाकी फळीजवळ ठेवायची नाही. पेट्रोलची नळी लांब घेऊन ती बोटीच्या मध्यावर, तळाशी पट्ट्याने बांधून टाका. नळी पायाखाली दबणार नाही अशी कडेने न्या. दोरी ओढणारा दोस्त इंजिन सुरू झाल्यावर पुढच्या भागात जाऊन बसला पाहिजे. नाहीतरी पाण्याखालचा कठडा, विजेची तार, झाडाचा शेंडा बघायला पुढे कुणीतरी लागतंच. मग बोट उभ्या पाण्यात थांबवून काठावरून बाजूने बघा. बाजूची ट्यूब पाण्याशी जवळजवळ समांतर आणि नाक किंचित वर दिसलं तर भार बरोबर आहे.

उलटी चूकही होते. नाक वर जातं म्हटल्यावर सगळे पुढे सरकतात. आता नाक पाण्यात खुपसतं, हँडल जड होतं, वळताना बोट अचानक आडवी फिरते. शिवाय मागचा भाग उचलला गेल्याने इंजिनचा पाण्यातला पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो आणि इंजिन मोकाट ओरडतं. भार मध्यभागी आणि तळाशी ठेवायचा, पुढे फक्त एक जण.

"जोर लावला की उचलेल"

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून जरा सविस्तर.

रिकामी रबरी बोट वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाते आणि सुळसुळत सुटते. सरावात तेच बघितलेलं असतं, त्यामुळे भरलेली बोटही तशी सुटेल असं वाटतं. पण पाण्याच्या रेषेवर १२ फूट लांबीची बोट ताशी साडेआठ किलोमीटरच्या पुढे गेली की ती स्वतःच्याच पुढच्या लाटेवर चढायला लागते. तो चढ पार करायला ताकद पुरेशी आणि वजन कमी असावं लागतं. आठ-दहा माणसं भरलेल्या बोटीत २५ हॉर्सपॉवरला ते जमत नाही. बोट चढावरच अडकते, नाक वर, मागचा भाग खाली. पेट्रोल जळतं, वेग फारसा वाढत नाही, लाट मात्र सगळ्यात मोठी याच अवस्थेत उठते.

ही लाट दोन ठिकाणी घात करते. पहिलं ठिकाण म्हणजे घरं. दोन-तीन दिवस पाण्यात भिजलेली मातीची भिंत नुसत्या पाण्याच्या आधाराने उभी असते, लाटेच्या दोन-चार तडाख्यांनी ती बसते. पत्र्याच्या दारातून लाट आत घुसते आणि माळ्यावर बसलेल्या माणसांखालची कपाटं तरंगून आपटायला लागतात. दुसरं ठिकाण म्हणजे तुमचीच बोट. कुणीतरी "थांबव, थांबव" ओरडतं, चालक थ्रॉटल एकदम सोडतो, बोट जागेवर बसते आणि मागून येणारी स्वतःचीच लाट फळीवरून थेट आत ओतली जाते. इंजिन भिजतं, तळात पाणी येतं, माणसं घाबरून उठतात.

म्हणून भरलेली बोट गल्लीत चालत्या माणसाच्या वेगाने न्यायची, ताशी चार-पाच किलोमीटर. मागे वळून बघा, पाणी सपाट राहतंय का. थ्रॉटल कमी करताना हळूहळू, पाच-सहा सेकंद घेऊन करा. उघड्या शेतात, उसाच्या शेंड्यांवरून जाताना वेग वाढवावासा वाटला तरी भरलेल्या बोटीला तो मोह नको. जोरदार प्रवाहात चालण्याच्या वेगाने बोट पुढे सरकत नसेल तर भार जास्त झालाय, दोन खेपा करा.

प्लेटवरचा आकडा माणसांचा, गाठोड्यांचा नव्हे

बोटीच्या मागच्या फळीवर किंवा ट्यूबवर क्षमतेची प्लेट असते. माणसं किती, एकूण किलो किती, इंजिन जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं. त्यातली माणसं साधारण ७५ किलोच्या हिशेबाने धरलेली असतात. पुरातून निघणारा माणूस एकटा नसतो. कागदपत्रांची पेटी, भांड्यांचं गाठोडं, कोंबड्यांची पाटी. दहा जणांनी दहा-दहा किलो आणले की एक क्विंटल झाला. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो. दुधाचा ४० लिटरचा भरलेला कॅन त्याहून जड. आकडा गाठताना नेहमी किलोचा धरा आणि प्रवाह असेल तर त्याच्याही खाली थांबा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलीकडे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून जीव गेले, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. "एकच माणूस राहिलाय, घे की" म्हणणारा काठावर उभा असतो, त्याला नाही म्हणायचं काम चालकाचं आहे आणि ते इंजिन सुरू करण्याआधीच करायचं.

म्हैस बोटीत चढवायचा प्रयत्न करू नका, चारशे-पाचशे किलोचं जनावर एक पाय आपटलं तरी खेळ खलास. शेळ्या न्यायच्या तर माणसांसोबत नको. घाबरल्या की सगळ्या एका बाजूला धावतात.

तळातलं पाणी "थोडंसंच आहे" म्हणून सोडणं

आतली जागा अडीच मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद असेल आणि तळात फक्त पाच सेंटिमीटर पाणी साचलं असेल, तर ते ११२ लिटर भरतं. म्हणजे दीड माणसाचं वजन, आणि तेही जागेवर न बसणारं. बोट डावीकडे कलली की पाणी डावीकडे धावतं आणि कल वाढवतं. नाक उचललं की सगळं मागे. तोच ११२ किलो भार झाकण घट्ट लावलेल्या, काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये असता तर त्याचा इतका त्रास झाला नसता. मोकळं पाणी आणि अर्धवट भरलेली भांडी तोल बिघडवतात.

प्रत्येक खेपेनंतर बादलीने पाणी काढा. मागच्या फळीतला ड्रेन प्लग (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) पाण्यात उतरण्याआधी हाताने आवळून बघा, "लावलाय" या शब्दावर जाऊ नका. काही बोटींचा व्हॉल्व्ह चालत्या बोटीत पाणी बाहेर ओढतो, पण बोट थांबली की त्याच वाटेने पाणी आत येतं.

हवा कमी, म्हणून बोट मध्येच दुमडते

लाटेवर बोट मधोमध वाकतेय, तळाच्या फळ्या कुरकुरतात, बोट अळीसारखी चालतेय असं वाटलं तर आधी हवा बघा. बऱ्याच रबरी बोटींच्या मुख्य ट्यूबना २४० ते २५० मिलिबार दाब लागतो. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ किंवा प्लेटवर लिहिलेला असतो, तोच खरा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं थांबवा, साधा गेज सोबत ठेवा.

दाब तापमानासोबत बदलतो. ट्यूबमधली हवा एक अंशाने थंड झाली की सुमारे चार मिलिबार दाब उतरतो. पावसाच्या उघडिपीत ऊन पडलंय, रस्त्यावर ट्यूब तापून ४० अंशांवर गेलीय, तिथं २४० पर्यंत भरली आणि २५ अंशांच्या पाण्यात टाकली तर साठेक मिलिबार गेले. म्हणून पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि भर घाला. उलट, भरलेली बोट दुपारी उन्हात ओढून ठेवणार असाल तर थोडी हवा सोडा. भरताना एक कप्पा पूर्ण, मग दुसरा, असं करू नका. सगळे कप्पे आधी निम्मे, मग क्रमाने पूर्ण. नाहीतर मधल्या पडद्यांवर ताण येतो आणि बोट कायमची एका अंगाला वाकडी दिसते.

इंजिनची पिन आणि उंची कधीच न तपासणं

भार नीट मांडूनही नाक वर जात असेल तर इंजिनच्या ब्रॅकेटमधली पिन बघा. इंजिन बंद करून, उचलून, पिन फळीच्या दिशेने एक भोक आत घ्या. नाक खाली येईल. नाक खुपसत असेल तर एक भोक बाहेर. एका वेळी एकच भोक बदला आणि तेवढ्याच भाराने पुन्हा चालवून बघा.

उंचीसाठी पंख्याच्या वरची आडवी प्लेट बघायची. ती बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली असावी. वर असेल तर पंखा हवा ओढतो. खूप खाली असेल तर ओढ वाढते आणि पाण्याखालच्या डिव्हायडरला, पुलाच्या कठड्याला पंखा आधी भेटतो. १५ इंच उंचीच्या फळीला लांब शाफ्टचं (लांब दांड्याचं) इंजिन लावलं तर ते सरळ पाच इंच जास्त खोल जातं. बोट एकीकडून आणि इंजिन दुसरीकडून घेतलं असेल तर हे हमखास होतं. भार, पिन, उंची सगळं ठीक असूनही इंजिन ओरडतंय? मग पंख्याला पाचट, जलपर्णी किंवा साडीचा तुकडा गुंडाळलाय का बघा, इंजिन बंद करूनच. मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली असेल तर तोच कचरा आतल्या वाटेत अडकला असू शकतो.

बोट एका बाजूला कलते

चालक सहसा उजव्या ट्यूबवर बसतो, त्यामुळे रिकाम्या बोटीत उजवीकडचा कल स्वाभाविक आहे. टाकी थोडी डावीकडे सरकवली की भागतं. चढताना-उतरताना कल खरा धोक्याचा होतो. गॅलरीतून येणारा माणूस ट्यूबवर उभा राहतो, त्याला धरायला आतले चौघे त्याच बाजूला उठतात, कुणीतरी मोबाईल काढून तिकडेच झुकतं. नियम एकच ठेवा: एक जण चढेल, बाकीचे बसलेले. चढणाऱ्याने पाय ट्यूबवर नव्हे, तळाच्या मधोमध टाकायचा आणि लगेच बसायचं. म्हातारी माणसं आणि पोरं तळावर, धडधाकट माणसं दोन्ही ट्यूबवर समोरासमोर. लाइफ जॅकेट चढण्याआधी घालायचं, बोटीत उभं राहून नाही. काठाला नाक टेकवल्यावर पुढचे पटकन उतरतात आणि उरलेला भार एकदम मागे जातो. मागच्यांनी बसल्या बसल्या पुढे सरकत एकेक करून उतरावं.

काहिलीला बोट समजणं

गूळ शिजवायची काहील पुरात पाण्यात उतरते, ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडली आहे हे खरं. पण तळ सपाट, आकार गोल, काठ बुटका. भार जरा कडेला गेला की काठ पाण्याखाली. संथ पाण्यात, दोघांनी समोरासमोर तळावर बसून, काठीने ढकलत जाणं एवढाच तिचा उपयोग. इंजिनच्या बोटीमागे दोर बांधून ती ओढू नका: ती सरळ चालत नाही, झुलत राहते आणि दोराच्या बाजूचा काठ पाण्यात घुसतो.

पूर येईपर्यंत भरलेली बोट न चालवणं

मे महिन्यात, परवानगी घेऊन, रंकाळा किंवा राजाराम तलावाच्या संथ पाण्यात सराव होतो तेव्हा बोटीत चार उत्साही पोरं असतात. भरलेली बोट कशी वागते ते त्यातून कळत नाही. माणसांऐवजी ३५ लिटरचे कॅन काठोकाठ भरून ठेवा, दोन कॅन म्हणजे जवळपास एक माणूस. आधी आठ कॅन मध्ये ठेवून चालवा, मग तेच मागे सरकवा आणि मागची लाट, हँडलचा जडपणा, फळीवरचं अंतर बघा. नंतर चार एका बाजूला. थ्रॉटल हळू सोडल्यावर किती अंतरात बोट थांबते ते मोजा. टाकी, नांगर आणि बादलीची जमलेली जागा तळावर ऑइल पेंटने आखून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता बोट काढणाऱ्या दुसऱ्या टोळीलाही ती सापडेल.