टीबीची तपासणी: डबीपासून घरापर्यंत या चुका टाळा

रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याआधी एक विचारा: डबीत नेमकं काय दिलं होतं? पुष्कळदा नुसती लाळ असते, पाण्यासारखी, फेसाळ. जंतू सापडतात ते छातीतून सुटलेल्या घट्ट, चिकट बेडक्यात. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरा. अंगणात किंवा गच्चीवर, माणसांपासून लांब जा. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन पोटातून जोर लावून खोका. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा. बेडका सुटतच नसेल तर आशाताईंना तसं सांगा. थुंकून डबी भरू नका. बेडक्यातले जंतू शोधणारं ट्रूनॅटचं मशीन कितीही चांगलं असलं तरी लाळेत नसलेले जंतू ते कुठून दाखवणार?

‘खोकला नाही, म्हणजे टीबी नाही’ हेही धरून चालू नका. 2019 ते 2021 या काळातल्या टीबीच्या राष्ट्रीय पाहणीत नुसती लक्षणं विचारून छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी सुमारे 43 टक्के रुग्ण हातचे निसटले असते. शिबिरात एक्स-रेची सोय असेल तर ‘मला काय झालंय’ म्हणत रांग सोडू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच. एकाला टीबी निघाला की सगळं घर त्याच्याभोवती धावतं आणि स्वतःची तपासणी विसरतं. एकाच खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यामुळे वजन वाढत नसेल, ताप रेंगाळत असेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तपासणीत टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधक गोळ्या सुचवल्या जातात. ‘धडधाकट माणसाला गोळ्या कशाला?’ हा प्रश्न दर दुसऱ्या घरात येतो. जंतू शरीरात झोपलेले असू शकतात, म्हणून. पूर्वी घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांवर भर होता. 2021 पासूनच्या धोरणात रुग्णाच्या घरातल्या मोठ्यांनाही घेतलं आहे.

खाण्याचंही तसंच. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी भरलं (निष्कर्ष 2023 चे). त्यामुळे कुणी निक्षय मित्र (टीबी रुग्णाला मदत करणारा दाता) होऊन शिधा देणार असेल तर फक्त रुग्णापुरता मोजू नका, घरातली तोंडं मोजा.

ताट-वाटी वेगळी करणं मात्र सोडा. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खिडक्या उघडा, रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे मास्क द्या, पण पंगतीतून उठवू नका. वेगळ्या ताटाच्या धास्तीनं लोक आजार लपवतात, हे गावोगाव दिसतं.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली तर घाबरून बंद करू नका, ते औषधाचंच आहे. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहिले पैसे. नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून महिना 1000 रुपये मिळतात, खासगी डॉक्टरांकडच्या रुग्णालाही. फक्त निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद हवी. पैसे अडले तर बँकेत हेलपाटे घालण्याआधी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बरोबर भरलाय का, ते टीबी युनिटमध्ये जाऊन बघा. तिथंही दाद लागली नाही तर 1800-11-6666 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना निक्षय आयडी हाताशी ठेवा.