बॉबिन लेस: जाळी पटकन जमते, काठ शिकावा लागतो

बॉबिन लेस शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, भरपूर बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायच्या कांड्या, विकत घ्या. दोन, दोरा घट्ट ओढा. दोन्ही मनावर घेऊ नका. पहिल्या पट्टीला सोळा बॉबिन पुरतात, आणि घट्ट ओढलेल्या दोऱ्याने जेवढ्या लेस बिघडलेल्या मी पाहिल्या तेवढ्या सैल दोऱ्याने बिघडलेल्या पाहिल्या नाहीत.

आधी गैरसमज दूर करू. ही क्रोशाची लेस नाही. आंध्रातली प्रसिद्ध नरसापूरची लेस क्रोशाची, आपल्या घरातले टीव्हीवरचे रुमालही क्रोशाचे. बॉबिन लेसमध्ये सुई नाही, हूक नाही. प्रत्येक दोरा आपापल्या कांडीवर गुंडाळलेला असतो आणि कांड्या एकमेकींवरून नेल्या की उशीवर टोचलेल्या टाचण्यांभोवती वीण तयार होते. शिमग्यात गोफ विणताना पाहिलाय ना? वर एका जागी बांधलेले दोर, प्रत्येकाच्या हातात एकेक, आणि ठरलेल्या पावलांनी एकमेकांना ओलांडत गेलं की वेणी पडत जाते. तीच पावलं उलटी टाकली की सुटते. बॉबिन लेस म्हणजे उशीवरचा गोफ. उसवण्याचं तंत्रही तेच, उलट्या पावलांचं, आणि ते पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या, कारण लागणारच आहे.

मी इंग्लंडातल्या बेडफर्डजवळ राहते. इथे, शेजारच्या बकिंगहॅमशायरमध्ये आणि नॉर्दम्प्टनशायरमध्ये ही लेस शेकडो वर्षं घरोघर होत होती. पाच-सहा वर्षांची मुलं 'लेस स्कूल' नावाच्या कोंदट खोल्यांत दिवसभर कांड्या फिरवत बसायची. संध्याकाळी एका मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेले काचेचे गोल ठेवायचे, त्यातून प्रकाश एकवटून एकेकीच्या उशीवर पडायचा. ओल्नी गावातल्या कूपर अँड न्यूटन म्युझियममध्ये लेसचा संग्रह आहे. त्यातले दोऱ्याहून बारीक वाटणारे काठ पाहिले की ती मुलं आठवतात आणि माझं बोलणं बंद होतं. हिंदुस्थानातही ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली. नागरकोइलला मार्था मॉल्ट यांनी बायका-मुलींना ती शिकवली.

आता सामान. उशी कडक हवी, टाचणी खोचली की न डुगडुगता उभी राहील अशी. घट्ट दाबून भरलेला पेंढा किंवा जाड दाट फोम चालतो, झोपायची उशी चालत नाही. टाचण्या पितळी किंवा न गंजणाऱ्या. बॉबिन म्हणजे शिलाई मशीनमधली चकती नव्हे, पेन्सिलीएवढी बारीक, साधारण दहा सेंटिमीटरची लाकडी कांडी. आमच्या भागातल्या कांड्यांच्या टोकाला तारेत ओवलेले काचमणी असतात. ते शोभेसाठी आहेत असं समजू नका: त्यांच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि कांडी उशीवरून घरंगळत नाही. दोरा अँकरचा पर्ल कॉटन, ८ नंबर. बारीक दोऱ्याने सुरुवात करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चूक दिसली पाहिजे, आणि बारीक दोऱ्यात ती दिसत नाही.

इचलकरंजीला विणकर कांड्या भरतात तशाच या भरायच्या, फक्त एका सलग दोऱ्याची दोन टोकं दोन कांड्यांवर, मध्ये गाठ नको. प्रत्येक कांडीवर दीड मीटर. मानेशी एक अर्धी गाठ मारली की दोरा आपोआप सुटत नाही.

उशीवर ठेवायचं नमुन्याचं कार्ड म्हणजे सरळसरळ ठिपक्यांची रांगोळी. मिलिमीटरच्या आलेख कागदावर दर चार मिलिमीटरला उभी-आडवी रेघ धरा. पहिल्या ओळीत ०, २ आणि ४ या रेघांवर ठिपके, दुसऱ्या ओळीत १ आणि ३ वर, तिसरी पहिलीसारखी, असं वीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचे ० आणि ४ वरचे ठिपके म्हणजे काठ, आतले सगळे जाळी. कागद जाड कार्डावर चिकटवून प्रत्येक ठिपका आधीच टोचून ठेवा. दोरा या मापाला बसतो का, हे पाहायची एक सोपी कसोटी आहे: दोऱ्याचे बारा वेढे मोजपट्टीवर एकमेकांना लगटून घाला. त्यांची रुंदी काठाच्या लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराइतकी आली की माप जुळलं. थोडं इकडेतिकडे चालतं.

हालचाली दोनच. समोर चार दोरे आहेत, म्हणजे दोन जोड्या. क्रॉस म्हणजे दुसरा दोरा तिसऱ्यावरून. पीळ म्हणजे दोन्ही जोड्यांत एकाच वेळी उजवा दोरा डाव्यावरून. आकडे जागांचे असतात, कांड्यांचे नव्हेत. प्रत्येक हालचालीनंतर डावीकडून पुन्हा एक ते चार मोजायचं.

आठ जोड्या वरच्या तात्पुरत्या टाचण्यांवर ओळीने अडकवा. जाळीच्या प्रत्येक ठिपक्यावर शेजारच्या दोन जोड्या घेऊन क्रॉस, पीळ, टाचणी, क्रॉस, पीळ. जाळी झाली. ती अर्ध्या तासात जमते.

खरं काम काठावर आहे.

काठ म्हणजे लेसची सरळ बाजू, कापडाला शिवायची. इंग्लंडात ती उजवीकडे ठेवतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी डावीकडे. मी ज्या छापील कागदावरून शिकले त्यात काठाबद्दल एकच ओळ होती: 'कडेपर्यंत जा, टाचणी लावा, परत या.' त्या ओळीने माझे दोन महिने खाल्ले. मी त्याआधी साधी फीत शिकले होते. फितीत आडवी धावणारी जोडी कडेला जाते, टाचणीला वळसा घालते आणि तीच परत येते. मी काठावरही तेच केलं. टाचणी सगळ्यात बाहेर लावली, धावती जोडी तिच्याभोवती वळवून परत आणली. उशीवर पट्टी सुरेख दिसत होती. पंधरा सेंटिमीटर झाल्यावर टाचण्या काढल्या आणि कडेला एकसारख्या मोकळ्या फासांची रांग लोंबू लागली. ती लेस रुमालाला शिवता येईना, कारण सुई धरायला सरळ दोराच नव्हता.

काठावर जोडी परत येत नाही. काठावर जोड्यांची अदलाबदल होते. आलेली जोडी बाहेर राहते आणि बाहेर वाट पाहत असलेली जोडी आत जाते. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप जुळतं.

उजव्या काठाच्या जागा बाहेरून मोजा. पहिल्या जागी कडेची जोडी. दुसऱ्या जागी उभी जोडी, जी पट्टीभर सरळ खाली उतरते. तिसऱ्या जागी जाळीतून आलेली जोडी. इथे टाका पूर्ण घ्यायचा: क्रॉस, पीळ, क्रॉस, पीळ, मध्ये टाचणी न लावता. आधी तिसरी आणि दुसरी जागा. मग दुसरी आणि पहिली. जाळीतली जोडी आता सगळ्यात बाहेर पोचली. आता थांबा, आणि टाचणी दोन जोड्यांच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे टाचणीच्या बाहेर बरोब्बर दोन जोड्या दिसल्या पाहिजेत. मोजून बघा, चार कांड्या बाहेर, बाकी सगळ्या आत. मग सगळ्यात बाहेरच्या जोडीला हात न लावता दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचा पूर्ण टाका घ्या. टाचणी बंद झाली. उभी जोडी आपल्या दुसऱ्या जागी परत आली, आणि जुनी कडेची जोडी जाळीत निघाली.

माझ्यासारखं दोन महिने वाया घालवायचे नसतील तर एक करा: सुरुवातीला कडेच्या जोडीला लाल दोरा भरा आणि उभ्या जोडीला निळा. पहिल्याच काठ-टाचणीनंतर लाल दोरा जाळीत शिरला पाहिजे. मग तो एकेका ठिपक्यावरून तिरपा उतरत चार ओळी खाली पलीकडच्या काठाला पोचतो, तिथे बाहेर बसून पाळीची वाट पाहतो आणि पुन्हा परत निघतो. निळा मात्र जागचा हलत नाही, वरून खालपर्यंत शिवणीसारखा सरळ. लाल दोरा काठावरच रेंगाळला तर तुम्ही जोडी बदललेली नाही. निळा जाळीत घुसला तर एक टाका गाळलाय. मी आजही शिकवताना लाल-निळ्याशिवाय काठ शिकवत नाही. पाढे पाठ केल्यासारखी क्रमवारी घोकलेली माणसं मध्येच फोन वाजला की चुकतात, लाल दोरा पाहणारी चुकत नाहीत.

डाव्या काठाला सगळं आरशातल्यासारखं उलटं: जागा डावीकडून मोजायच्या, टाचणीच्या बाहेर म्हणजे डावीकडे दोन जोड्या. पण क्रॉस आणि पीळ उलटत नाहीत. क्रॉस नेहमी डावा उजव्यावरून, पीळ नेहमी उजवा डाव्यावरून, पट्टीच्या कोणत्याही कोपऱ्यात असा. डाव्या काठावर हात आपोआप हालचालही उलटी करतो आणि तिथे पीळ सुटून जातो. बाजू बदलल्यावर पहिले दोन टाके मोठ्याने बोलत घ्या.

आता ताण. घट्ट ओढा, हा सल्ला कुठून आला मला माहीत आहे: सैल लेस कुरूप दिसते. पण ओढायचं कधी आणि कुठल्या दिशेला, हे कोणी सांगत नाही. टाचणी लागायच्या आधी ओढलं तर ताण धरायला काहीच नसतं, आधीची ठीक बसलेली जाळी वेडीवाकडी होते. टाचणी लागल्यावर, ती बंद करायच्या आधी, आत जाणारी जोडी हलकेच आतल्या बाजूला खाली घ्या, म्हणजे टाका सरकत टाचणीला टेकेल. मग बाहेरची जोडी सरळ खाली, बाहेरच्या दिशेला अजिबात नाही. उभ्या जोडीला फक्त तिच्या कांड्यांचं वजन पुरे. उभी जोडी ओढली की काठाला चुण्या पडतात, परकराच्या नाडीसारख्या, आणि त्या टाचण्या काढेपर्यंत दिसत नाहीत. इस्त्रीने त्या जात नाहीत. असा काठ मी दोनदा उसवलाय, दोन्ही वेळा पूर्ण पट्टी.

काठाच्या टाचण्या किंचित बाहेर कलत्या खोचा, जाळीच्या किंचित मागे कलत्या. जाळीच्या मागच्या टाचण्या लागतील तशा काढून पुढे वापरा, काठाच्या मात्र निदान सात-आठ सेंटिमीटर मागेपर्यंत राहू द्या. टाचण्या कमी पडल्या तर आणखी विकत घ्या. काठाच्या काढून वापरायच्या नाहीत.

चूक झाली तर कुठे पाहायचं? कडेला मोकळे फास: टाचणी बाहेर लागली. काठावर गाठीसारखा जाड ठिपका: बाहेर गेलेलीच जोडी परत आणली. बाहेरचा दोरा सुटा लोंबतोय: कडेच्या जोडीबरोबरचा टाका गाळला. जाळीचं एकच घर वेडंवाकडं: पीळ राहिला. प्रत्येक वेळी उपाय एकच, उलट्या पावलांनी चुकीपर्यंत मागे जाणे. पुढे जाऊन सावरून घेता येत नाही.

शेवटाला जोड्यांच्या दोन-दोन घट्ट गाठी मारा, दोरे सेंटिमीटरभर ठेवून कापा, ती बाजू कापडात दुमडून शिवा.

एकट्याने शिकणं शक्य आहे, पण गटात बसल्यावर हात वेगाने तयार होतो. इंग्लंडात लेस गिल्ड ही लेस करणाऱ्यांची संघटना १९७६पासून आहे, तिचं घर स्टुअरब्रिजला आहे. ओआयडीएफए ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ची, बॉबिन आणि सुईच्या लेसची. स्लोव्हेनियात इद्रियाची लेस शाळा १८७६पासून चालू आहे आणि तिथल्या बॉबिन लेसला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आमच्या बाजूला २५ नोव्हेंबरला सेंट कॅथरिनच्या दिवशी शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे घातलेले केक करायची जुनी चाल आहे. आमचा गट त्या दिवशी उशा बाजूला ठेवून तेच खातो.

गटात पहिल्यांदा जाताना उशीवर सुती कापड झाका, कांड्या रबरबँडने बांधा, आणि ती पहिली लाल-निळी पट्टी बरोबर न्या, कितीही वाकडी असली तरी. आमच्या गटात ऐंशीच्या घरातली एक बाई आहे, लहानपणापासून लेस करणारी. नवीन माणसाची पट्टी हातात आली की ती जाळीकडे बघत नाही. डोळे मिटून अंगठ्याने काठ चाचपते, आणि अंगठा जिथे अडतो तिथे टाचणी खोचून पट्टी परत देते.