दोन आवडत्या गेम्सची तुलना करायची, तर अडल्या जागी करा

माझा धाकटा भाऊ 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेमचा भक्त, मी 'डिस्को इलिझियम'ची. आमचे वाद कित्येक वर्षं ग्राफिक्स, नकाशा केवढा, किती तास पुरतो, यातच फिरायचे. आता आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: खेळणारा अडला, की गेम काय करतो? एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम असो वा कोडी सोडवत पुढे जायचा अ‍ॅडव्हेंचर, ही जागा शोधा. बाकीचं नंतर.

त्याआधी जोडी नीट निवडा. दोन्ही गेममध्ये निदान एक काम सारखं हवं: बोलणं, शोधणं किंवा लढणं. १९९३चा 'मिस्ट' म्हणजे ओसाड बेटावर हिंडायचं, यंत्रं चालवून बघायची, लाल-निळी पानं गोळा करायची. तलवार नाही, गप्पा मारायला माणूस नाही. त्याला तलवारी आणि संवादांनी भरलेल्या २०१५च्या 'विचर ३'शेजारी ठेवून काही हाती लागत नाही.

अडण्याचा उत्तम नमुना म्हणून मी नेहमी १९९०चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' सांगते. त्यातली तलवारबाजी हाताची नाही, जिभेची आहे. समोरचा समुद्री चाचा टोमणा मारतो, तुम्ही समर्पक उत्तर द्यायचं. उत्तर येत नसेल तर हरायचं, पण हरताना त्याचा टोमणा तुमच्या यादीत जमा होतो. मग तोच टोमणा दुसऱ्या चाच्याला मारायचा आणि तो काय उत्तर देतो ते शिकून घ्यायचं. शेवटी बेटावरच्या तलवारबहाद्दर बाईपुढे उभे राहता, तर तिचे टोमणे सगळे नवे. जुनीच उत्तरं त्यांना चपखल बसवावी लागतात. शाहिरांच्या सवाल-जवाबाचीच ही जात! इथे हरलात तर कुणी तुम्हाला मारत नाही. पुन्हा रस्त्यावर जा, आणखी शिका, परत या. हे मुद्दाम केलेलं होतं. त्या काळी सिएरा कंपनीच्या गेममध्ये पावलोपावली मरण यायचं, नाहीतर सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली म्हणून पुढे कायमचं अडकायला व्हायचं. 'मंकी आयलंड' घडवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९मध्ये या पद्धतीवर टीका करणारा लेखच लिहिला होता.

आता फाशांकडे या. तुमचं पात्र काही अवघड करायला गेलं, की जमलं का ते ठरवायला 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) वीस बाजूंचा फासा टाकतो. १ पडला की तुमचं कौशल्य कितीही असो, डाव फसला. म्हणजे ५ टक्के धोका कायम. 'डिस्को इलिझियम' (२०१९) सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. दोन्हींवर १ आला तरच हमखास अपयश, म्हणजे ३६त एकदा, जेमतेम ३ टक्के. त्यातही फाशांच्या या परीक्षा दोन रंगांच्या: पांढरी ते कौशल्य वाढवून पुन्हा देता येते, लाल मात्र एकदाच. पण आकड्यांहून महत्त्वाचं, फसल्यावर काय लिहून ठेवलंय ते. 'डिस्को'मध्ये तुम्ही डिटेक्टिव्ह असता आणि सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला टाय ओढायचा असतो. शरीराने अगदी दुबळा डिटेक्टिव्ह बनवलात तर तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने खेळ खलास होऊ शकतो. पुढे मात्र बहुतेक अपयशांतून असे संवाद निघतात, जे जिंकणाऱ्याला दिसतच नाहीत. म्हणून माझं माप त्याच्या बाजूने झुकतं.

भावाचं म्हणणंही खरं आहे. 'बाल्डर्स गेट'मध्ये बंद दारापुढे उभे राहा: कुलूप खोला, दार फोडा, मंत्र टाका. एवढी मोकळीक माझ्या लाडक्या गेममध्ये नाही. फक्त तुलना करताना एक पथ्य पाळा. फासा वाईट पडला की एफ८ दाबून आधी जतन केलेल्या जागी परत जायचं नाही. तसं केलंत तर अपयशासाठी लिहिलेला भाग तुम्ही बघितलाच नाही, आणि त्यावर मत देता येणार नाही.

पात्र कुणाचं, हेही विचारा. 'विचर'चा गेराल्ट आधीच घडलेला माणूस. तुम्ही त्याला वळण देता. 'बाल्डर्स गेट'मध्ये स्वतःचं पात्र घडवता येतं. १९९९च्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा नायक शवागारात जागा होतो आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं, तो कोण होता आणि आता कोण होणार, यावरच अख्खा गेम उभा आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) मला मनापासून आवडतो. भाऊ गोलूला शोधणारी राजी, भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या कथा, दुर्गा आणि विष्णूचं निवेदन. पण आपला म्हणून जास्तीचे गुण देऊ नका. त्यात लढाई आणि उड्या आहेत, तेव्हा जोडीला लढाईचाच गेम घ्या.

पहिल्यांदा करत असाल तर 'मंकी आयलंड' आणि 'डिस्को इलिझियम' ही जोडी घ्या. दोन्हींत बोलण्यावर बरीच मदार आहे. 'मंकी आयलंड'ची २००९ची नवी आवृत्ती घेतलीत तर एफ१० दाबून जुनी आणि नवी चित्रं अदलून-बदलून बघता येतात. शेजारी वही ठेवा. जिथे अडाल तिथे दोनच ओळी लिहा: गेमने काय केलं, आणि त्यावर मला काय करावंसं वाटलं. गुण आणि क्रमांक इतक्यात नकोत. मग वह्या एकमेकांना वाचून दाखवा आणि खुशाल भांडा.