उंचावरचा सेजब्रश ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिमेला, रॉकी पर्वतात किंवा सिएरा नेवाडात वर चढत गेलं की राखाडी-रुपेरी, उग्र वासाची झुडपं आणि रोपटी पावलोपावली भेटतात. बहुतेक सगळी आर्टेमिसिया या एकाच वंशातली, आपल्या दवण्याची नातलग. यांतली लाकडी झुडपं म्हणजे सेजब्रश. नवखी मंडळी पान चुरडून वास घेतात, फोनवर फोटो काढतात आणि ॲप सांगेल ते नाव लिहून मोकळी होतात. मग कुणीतरी ती सगळी यादी पुन्हा तपासायची. हे काम माझ्या वाट्याला इतक्यांदा आलं आहे की त्यातल्या ठरलेल्या चुका एकदा लिहूनच टाकतो.

फुलोऱ्यावरची पानं तोडणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मोठा सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, टोकाला तीन दाते असलेल्या पाचरीसारख्या पानावरून ओळखतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे तीन दाते बघायचे ते न फुलणाऱ्या फांदीवर. फुलोऱ्याच्या दांड्यावरची पानं अरुंद असतात आणि पुष्कळदा त्यांना दातेच नसतात. शिवाय वसंतात येणारी पानं मोठी आणि वेडीवाकडी कातरलेली असतात. ती उन्हाळ्यात गळतात. हिवाळाभर झुडपावर टिकतात ती लहान पानंच भरवशाची.

एका पाहणी गटाने भर ऑगस्टमध्ये डोंगरउतारावरचे नमुने गोळा केले. सगळे फुलोऱ्याचे शेंडे, कारण तेच हाताशी येतात आणि दिसायलाही छान. पानं सरळ आणि बिनदात्यांची, म्हणून त्यांनी नोंद केली आर्टेमिसिया काना, म्हणजे रुपेरी सेजब्रश. वहीत ती नोंद बिनधोक दिसत होती. पण काना जळाल्यावर मुळांपासून पुन्हा फुटतो. मोठा सेजब्रश फुटत नाही. तो आगीत मरतो, परत येतो तो फक्त बियांतून, आणि बिया आईझाडापासून फार लांब जात नाहीत. पूर्ववत व्हायला दशकं लागतात. त्या नोंदीच्या जोरावर उताराचा एक पट्टा मुद्दाम जाळायचा बेत तयार झाला होता, ‘फुटवे येतीलच’ असं गृहीत धरून. ज्या सेज ग्राउस पक्ष्याचं हिवाळ्यातलं खाणं जवळजवळ पूर्णपणे सेजब्रशची पानं असतं, त्याचा तो उतार होता. मी जाऊन झुडपाच्या आतल्या फांद्या वाकवून बघितल्या तेव्हा पानापानावर तीन दाते होते. बेत रद्द झाला. ती नोंद करणाऱ्याला आतली फांदी बघायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं, याचा मला आजही राग येतो.

माझी सवय अशी: फुलोरा एका हाताने बाजूला धरायचा आणि मागची, न फुललेली फांदी घ्यायची. तिची मधली पानं बघायची. मग चार पावलं जाऊन दुसरं झुडूप, तिसरं झुडूप. एका झुडपावर नाव ठरवायचं नाही.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून उपजात ठरवणं

व्हेसियाना आणि वायोमिंजेन्सिस या मोठ्या सेजब्रशच्या दोन उपजाती. ‘वर आहे म्हणजे व्हेसियाना, खाली आहे म्हणजे वायोमिंजेन्सिस.’ साधारण खरं आहे, पण उंचीपेक्षा ओल आणि मातीची खोली जास्त बोलते. व्हेसियानाचा माथा सपाट दिसतो आणि फुलोरे त्याच्या वर एकसारखे उभे राहतात. शंका असेल तर पानं काचेच्या छोट्या बाटलीत पाण्यात चुरडा आणि अंधारात लांब तरंगलांबीचा अतिनील दिवा धरा. व्हेसियानातल्या कूमारिन संयुगांमुळे पाणी निळसर उजळतं, वायोमिंजेन्सिसचं जेमतेम. पाणीच वापरा, अल्कोहोल नको. त्यात हरितद्रव्य उतरतं आणि त्याची लालसर चमक दिसते. भर उन्हात दिवा धरून ‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलं आहे.

वासावर विसंबणं

वास मदतीला घ्या, निकालाला नको. तो ऋतूनुसार, झुडपानुसार आणि तुमच्या नाकानुसारही बदलतो.

वृक्षरेषेच्या वर ‘लहान सेजब्रश’ लिहिणं

कोलोरॅडोत सुमारे 3500 मीटरच्या पुढे झाडं संपतात. तिथल्या गवतात वीतभर उंचीची, रेशमी पानांची आर्टेमिसिया दिसली की लोक ‘लहान सेजब्रश’ लिहितात. ती सेजब्रश नाहीच. सेजब्रश म्हणजे लाकडी झुडूप. ही मऊ देठाची रोपं आर्टेमिसियाच्या वेगळ्या शाखेतली.

इथे आर्टेमिसियाच्या तीन जातींच्या नावांचा गोंधळ होतो: स्कोपुलोरम, नॉर्वेजिका आणि फ्रिजिडा. तिघांची पानं कातरलेली, तिघांची फुलं बारीक गुंड्यांमध्ये. लोक पानांकडे बघत राहतात. खरी गोष्ट गुंडीच्या पोटात असते. ब्लेडने गुंडी उभी चिरा, फुलं चिमटीने काढून टाका आणि ज्या बैठकीवर ती होती ती 10 पट भिंगातून बघा. नॉर्वेजिकाची बैठक गुळगुळीत. स्कोपुलोरम आणि फ्रिजिडाच्या बैठकीवर लांब केस. मग या दोघांत निवड सोपी: स्कोपुलोरमच्या गुंडीखालच्या छदांना, म्हणजे इवल्या पानांसारख्या आवरणांना, काळपट कडा असतात, तर फ्रिजिडाला त्या नसतात आणि तिचा फक्त बुंधा लाकडी असतो. नॉर्वेजिकाच्या गुंड्या मोठ्या, खाली झुकलेल्या, आणि पानं इतरांपेक्षा हिरवी.

ब्लेड आणि भिंग खिशात मावतात. तरीही ‘फोटोवरून सांगा ना’ असे निरोप येतात. फोटोत बैठकीवरचे केस दिसत नाहीत, त्यामुळे फोटोवरून मी यांतलं एकही नाव सांगत नाही.

थोडक्यात आवरण्यासारख्या

नोव्हा आणि आर्बुस्कुला या सेजब्रशच्याच आणखी दोन जाती, दोन्ही बुटकी झुडपं. नोव्हाचे गेल्या वर्षीचे तपकिरी फुलोरे उभेच राहतात, ते आधी शोधा. फक्त ‘पानं गडद’ एवढ्यावर जाऊ नका, नोव्हा राखाडीही असते.

फांदीवरच्या मऊ, फुगीर गाठी म्हणजे फळं नव्हेत, किड्यांनी केलेल्या गाठी आहेत.

रस्त्याकडेला, कुरणात कमरेएवढी वाढलेली, बोथट टोकांच्या रुंद पानांची रुपेरी वनस्पती बहुधा ॲबसिन्थियम, युरोपातून आलेलं तण. तिला स्थानिक समजून बिया गोळा करू नका. आणि नाव पक्कं नसताना यांतल्या कशाचाही काढा कुणाला देऊ नका. ॲबसिन्थियममधलं थुजोन हे द्रव्य जास्त प्रमाणात घातक आहे.

दोन उपजाती जिथे भेटतात त्या पट्ट्यात संकर सापडतातच. तिथे ओढूनताणून एक नाव चिकटवू नका. ‘ट्रायडेंटाटा, उपजात अनिश्चित’ असं लिहा आणि पानांचा नमुना, मातीची नोंद, दिव्याखाली काय दिसलं ते सोबत ठेवा. अशा नोंदीवरून पुढचा माणूस काम करू शकतो.